आधी पेटी, मग साप

गेल्या वर्षी मार्चमध्ये दहावीचा शेवटचा पेपर झाला, त्याच संध्याकाळी माझा भाचा आमच्या घरी आला. पेपर कसा गेला ते सांगायला आला असेल असं मला वाटलं. त्याने बूटही न काढता मोबाइल माझ्यासमोर धरला. तळहातावर मावेल एवढं तपकिरी-सोनेरी वेटोळं, आणि खाली लिहिलेलं : बॉल पायथन, कागदपत्रांसह, घरपोच.

"मामा, मला हा घ्यायचाय. पैसे माझे आहेत, साठवलेले. फक्त आईला तू सांग."

त्याची आई, म्हणजे माझी ताई, त्याच्या मागोमाग जिना चढत होती. "काय घ्यायचंय?" तिने दारातूनच विचारलं. "साप," तो म्हणाला. पुढची पाच मिनिटं मी इथे लिहीत नाही. शेवटी भाच्याने हुकमाचा पत्ता टाकला. "मामाकडे नव्हता का अमेरिकेत? मग मला का नाही?"

प्रश्न अगदी बरोबर होता. माझ्याकडे साप होता. चार वर्षं होता. आणि तो आता माझ्याकडे नाही, हेच त्या प्रश्नाचं उत्तर होतं. पण ते एका वाक्यात सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून हा लेख. भाच्यासाठी आणि त्याच्या वयाच्या तुम्हा सगळ्यांसाठी.

तसं पाहिलं तर बडोद्याच्या माणसाला सरपटणाऱ्या प्राण्यांचं फार अप्रूप नसतं. विश्वामित्रीला पूर आला की मगरी सोसायट्यांमध्ये येऊन बसतात. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आजी दिवेलागणीनंतर 'साप' हा शब्द तोंडातून काढू द्यायची नाही. 'लांबडं' म्हणायचं, नाहीतर 'जनावर'. नागपंचमीला तवा चढायचा नाही, विळी हातात धरायची नाही, दिंडं उकडायची, आणि पाटावर चंदनाने काढलेल्या नागाला दूध-लाह्या वाहायच्या. थोडक्यात, सापाला वर्षातून एकदा हात जोडायचे आणि उरलेले दिवस त्याच्यापासून लांब राहायचं, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध.

२०१६ मध्ये कंपनीने मला डॅलसच्या प्रोजेक्टवर पाठवलं. तिथे टीममधल्या एका सहकाऱ्याच्या घरी थँक्सगिव्हिंगला जेवायला गेलो, तेव्हा पहिला बॉल पायथन पाहिला. त्याने तो माझ्या हातात दिला आणि मी दचकलो. माझ्यापेक्षा सापच जास्त दचकला. डोकं मध्ये घालून त्याने सगळं अंग त्याभोवती गुंडाळलं आणि चेंडू झाला. नाव त्यावरूनच पडलेलं. भीती वाटली की फणा नाही, फूत्कार नाही, नुसतं लपायचं. युरोपात याच सापाला रॉयल पायथन म्हणतात. हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. गवताळ माळरानावर उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दिवस काढतो, रात्री बाहेर पडतो. बिनविषारी, पूर्ण वाढला तरी साधारण तीन ते पाच फूट. बेनिन देशातल्या विदा गावात याच अजगरांचं मंदिर आहे. तिथले साप रात्री गावात फिरतात, कोणाच्या घरात शिरले तर घरचे लोक त्यांना पाहुण्यासारखं वागवतात आणि मंदिरात परत नेऊन सोडतात. हे ऐकल्यावर मला आजीची आठवण झाली. तिला हे गाव आवडलं असतं, लांबूनच.

पुढची दोन-तीन वर्षं मी वाचत होतो. २०१९ मध्ये सहकाऱ्याबरोबर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका प्रदर्शनाला गेलो. मोठ्या हॉलमध्ये टेबलांवर प्लास्टिकचे शेकडो डबे, आणि प्रत्येकात एक पिल्लू. पिवळे, पांढरे, जवळजवळ काळे, ठिपक्यांचे. या रंगप्रकारांना मॉर्फ म्हणतात. मला एक फार आवडला, अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी असलेला. तो मान वाकडी करून वर बघत होता, जणू माझ्याकडेच. मी पाकीट काढलं, तसा सहकाऱ्याने दंड धरून मला बाजूला नेलं.

"तो तुझ्याकडे बघत नाहीये," तो म्हणाला. "त्याला वर कुठे आणि खाली कुठे हे नीट कळत नाही." त्या मॉर्फचं नावच स्पायडर. ज्या जनुकामुळे ती नक्षी येते, त्याच जनुकाबरोबर तोल जाण्याचा दोष येतो. कोणाची मान थोडी डुगडुगते, कोणी भक्ष्यावर झेप घेताना चुकतो, कोणी उलटाच पडतो. औषध नाही. आपल्याला नक्षी आवडते म्हणून ती पिल्लं जन्माला घातली जातात. मी पाकीट खिशात ठेवलं.

त्या दिवशी घरी येताना गाडीत त्याने मला साप निवडायचे नियम सांगितले. तेच तुम्हाला सांगतो. पहिलं, जन्म कुठे झाला ते विचारायचं. घाना, टोगो, बेनिन या देशांतून अंड्यावर आलेल्या माद्या रानातून पकडतात, अंडी उबवतात आणि पिल्लं परदेशी पाठवतात. काही तर थेट रानातलेच पकडून विकले जातात. असे साप परजीवी घेऊन येतात, घाबरलेले असतात, खात नाहीत. शिवाय रान रिकामं होतं ते वेगळंच. म्हणून पाळीव आईबापांच्या पोटी जन्मलेलाच घ्यायचा, आणि आईबाप दाखवा म्हणायचं. दुसरं, तो काय खातो, कधी खाल्लं, याची लेखी नोंद मागायची. जमलं तर डोळ्यांसमोर खाताना पाहायचा. तिसरं, हातात घेऊन बघायचं. अंग भरलेलं हवं, पाठीचा कणा टोचता कामा नये. डोळे स्वच्छ, नाकाशी बुडबुडे नकोत, श्वासाचा घरघर आवाज नको. खवल्यांच्या फटीत मोहरीपेक्षाही बारीक काळे ठिपके हलताना दिसले, तर त्या पिसवांसारख्या किडी असतात. तो साप तर नकोच, त्या टेबलावरचा दुसराही नको.

"आणि चौथं," तो म्हणाला, "विकत घेण्याआधी, कोणी सोडून दिलेला मिळतो का ते बघ. तसे खूप असतात."

तसा गुंडू मिळाला. निराधार सरपटणारे प्राणी सांभाळणाऱ्या एका छोट्या संस्थेत तो होता. सात वर्षांचा नर, साधा तपकिरी, कसलाही मॉर्फ नसलेला. एका विद्यार्थ्याने कॉलेज संपल्यावर आणून दिलेला. पोटावर हाताएवढा पांढरट डाग होता. त्याच्या पेटीत गरम होणारा कृत्रिम दगड होता, थर्मोस्टॅट नव्हता. ऊब हवी म्हणून साप दगडावर बसला आणि पोट भाजलं. पोटाखालची उष्णता किती वाढली आहे हे सापाला वेळेवर उमगत नाही, तो उठून जात नाही. त्या विद्यार्थ्याला वाईट म्हणावं असं वाटत नाही. त्याला माहीत नव्हतं, एवढंच. पण डाग सापाच्या अंगावर राहिला.

संस्थेची एक अट होती. आधी पेटी लावा, आठवडाभर तापमान लिहून आणा, मग साप मिळेल. मला ती अट फार आवडली. आमच्या धंद्यात याला टेस्टिंग म्हणतात आणि आम्ही ते नेहमी शेवटी करतो.

चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी घेतली. एका बाजूला ऊब, ३१ ते ३३ अंश सेल्सियस. दुसरी बाजू थंड, २५ ते २७. सापाला स्वतःची उष्णता तयार करता येत नाही, म्हणून तो या टोकाकडून त्या टोकाकडे सरकून शरीराचं तापमान राखतो. दोन्ही टोकांना एकेक लपण, इतकी अरुंद की चारही बाजूंनी अंग टेकेल. एकच लपण ठेवली तर त्याला ऊब हवी की सुरक्षितता यातून एक निवडावं लागतं. खाली नारळाच्या सालीचे तुकडे, म्हणजे ओल टिकते. दमटपणा साठ टक्क्यांच्या आसपास, आणि कात टाकायच्या दिवसांत आणखी थोडा. पाण्याचं जड भांडं. उष्णता देणारं प्रत्येक साधन थर्मोस्टॅटला जोडलेलं, आणि थर्मोस्टॅटवरही विश्वास नको म्हणून दोन वेगळे थर्मामीटर. झाकणाला कुलूप. साप फटीतून निसटण्यात पटाईत असतो. पहिल्या आठवड्यात माझी थंड बाजू रात्री २१ वर उतरत होती. साप आत नव्हता म्हणून मी नुसता वैतागलो. असता, तर तो आजारी पडला असता.

गुंडू आला. गुंडाळी करायचा म्हणून गुंडू. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला, तर तिने फोन बाबांच्या हातात दिला आणि दुसऱ्या खोलीत गेली. तिथूनच ओरडली, "ते जनावर झोपायच्या खोलीत नाही ना ठेवलंस?" मी एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. खोटं बोललो.

खाण्याचा विषय आमच्यासारख्या घरांत जरा नाजूक. साप शाकाहारी होऊ शकत नाही, दूध तर पीतच नाही. त्याला अख्खा उंदीर लागतो. तिकडे गोठवलेले उंदीर मिळतात. जिवंत उंदीर पेटीत सोडायचा नाही. उंदराला यातना, आणि घाबरलेला उंदीर सापाला जबर चावतो. फ्रीझरमध्ये वेगळा झाकणाचा डबा ठेवायचा. आदल्या रात्री उंदीर फ्रीजमध्ये काढायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा आणि लांब चिमट्याने धरायचा. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. भक्ष्य कोमट असलं तरच त्याला ते खाणं वाटतं. आकार सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा. पिल्लाला आठवड्यातून एकदा, पूर्ण वाढलेल्याला दोन-तीन आठवड्यांनी. खाल्ल्यावर निदान दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर तो उलटी करून टाकतो. आणि दरवेळी हात साबणाने धुवायचे. सापाच्या अंगावरून साल्मोनेला आपल्या पोटात जाऊ शकतो.

पहिल्या नोव्हेंबरात गुंडूने खाणं बंद केलं. एक आठवडा, दोन, महिना. मी घाबरलो. दर दोन दिवसांनी नवा उंदीर गरम करायचो आणि टाकून द्यायचो. सहकारी हसला. "तुझ्या भुकेने बघू नकोस, वजनाने बघ," म्हणाला. स्वयंपाकाच्या काट्यावर टोपली ठेवून मी दर रविवारी त्याचं वजन करायला लागलो. १,३४० ग्रॅम. महिन्याने १,३३५. चार महिन्यांनी १,३०५. निरोगी मोठा नर थंडीत, विणीच्या हंगामात, महिनोन्‌महिने खात नाही आणि त्याचं काही बिघडत नाही. वजन झपाट्याने उतरलं, अंग सैल पडलं, तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला, तर मात्र डॉक्टरकडे. तोही सापांची माहिती असलेला डॉक्टर हवा. माझ्या घरापासून असा डॉक्टर चाळीस मिनिटांवर होता, आणि तो मी साप आणायच्या आधीच शोधून ठेवला होता. मार्चमध्ये एका रात्री गुंडूने उंदीर असा घेतला की जणू काही झालंच नव्हतं. मी मात्र त्या आनंदात रात्री दीड वाजता खिचडी लावली.

मग आला फेब्रुवारी २०२१. टेक्सासमधली ती बर्फाची लाट तुमच्यापैकी काहींच्या नातेवाइकांनी सोसली असेल. १५ तारखेला पहाटे वीज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॅलसमध्ये बाहेरचं तापमान उणे १९ अंश होतं. माझ्या घरात सगळं विजेवर. शेगडी, हीटर, पाणी, आणि गुंडूची पेटी. संध्याकाळी पेटीतला थर्मामीटर १७ दाखवत होता, खोलीतला ११.

मी गुंडूला सुती उशीच्या अभ्र्यात घातलं, तोंड बांधलं, आणि तो अभ्रा माझ्या स्वेटरच्या आत पोटाशी धरून दोन रजया पांघरून बसलो. दोन दिवस, तीन रात्री. मधूनच तासभर वीज यायची. तेवढ्यात पाणी उकळायचं, बाटल्यांत भरायचं, मोज्यांत गुंडाळून थर्मोकोलच्या पेटीत ठेवायचं आणि गुंडूला तिथे हलवायचं. बाटल्या थंड झाल्या की परत पोटाशी. खायला द्यायचं नाही, कारण थंडीत त्याला पचत नाही, आतल्या आत सडतं. तिसऱ्या रात्री केव्हातरी तो अभ्र्यात हळूच हलला आणि माझ्या बरगड्यांना टेकून परत स्थिर झाला. मला गहिवरून आलं, हे मी कबूल करतो. पण मी स्वतःला फसवलं नाही. त्याला मी नको होतो. त्याला ३१ अंश हवे होते. त्या रात्री त्या घरात तेवढं गरम मीच होतो.

आठवड्याने त्याच्या नाकाशी बुडबुडा दिसला आणि श्वासाची शिट्टी वाजू लागली. फुप्फुसाचा संसर्ग. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, दर तीन दिवसांनी एक, आणि पुढची मीच द्यायची असं सांगितलं. माझा हात थरथरायचा. गुंडू चेंडू व्हायचा आणि मी त्या चेंडूत सुई टोचायला जागा शोधायचो. महिनाभराने तो बरा झाला. डॉक्टर म्हणाले, "आता घरात विजेशिवाय चालणारी सोय करा." मी केली. या वेळी माझीही टेस्टिंग शेवटीच झाली होती.

एवढं सगळं निभावलं म्हटल्यावर मला वाटायला लागलं होतं की आपल्याला जमलं. जबाबदार पालक वगैरे. मग जानेवारी २०२३ मध्ये एका सकाळी लॅपटॉप उघडला तर लॉगिन होईना. आमची अर्धी टीम गेली होती. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की नवीन शोधायला साठ दिवस. बाबांची तब्येत त्याच वर्षी बिघडली होती. तिसऱ्या आठवड्यात मी ठरवलं, परत जायचं.

बॅगा, कार, भाडेकरार, बँक, सगळ्यांची यादी केली. यादीत शेवटी लिहिलं : गुंडू. आणि थांबलो. तो अकरा वर्षांचा होता. नीट सांभाळला तर हा साप वीस-तीस वर्षं सहज जगतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात बॉल पायथनची एक मादी आहे. एका खाजगी मालकाने तिला १९६१ मध्ये तिथे आणून दिलं. २०२० मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, तिने अंडी घातली. तिला आणून देणाऱ्या माणसाचं त्या साठ वर्षांत काय काय झालं असेल, कोण जाणे. साप आणताना मी ३१ अंश विचारात घेतले, ६० टक्के दमटपणा विचारात घेतला, डॉक्टर शोधला. तीन वर्षांचा व्हिसा आणि तीस वर्षांचा प्राणी, ही वजाबाकी केली नव्हती. मी त्या विद्यार्थ्याला मनातल्या मनात चार वर्षं शिकवत होतो, आणि शेवटी त्याच्याच रांगेत उभा होतो.

इकडे आणावा का, हेही पाहिलं. बॉल पायथन साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे तिकडून निर्यातीचा परवाना, इकडे आयातीचा परवाना आणि वनखात्याची संमती. साठ दिवसांतले चाळीस उरले होते. आणि ते जमलं असतं तरी त्या जिवाला इतक्या लांबच्या विमानप्रवासाला पाठवणं माझ्या सोयीचं होतं, त्याच्या नव्हे.

संस्थेकडे जागा नव्हती, पण त्यांनी माझं म्हणणं पुढे पोहोचवलं. पाच जणांनी विचारणा केली. एकाने पहिलाच प्रश्न विचारला, "पेटी फुकट आहे ना?" त्याला नाही म्हटलं. एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई आल्या, त्यांच्याकडे आधीच दोन साप होते. त्यांनी गुंडूकडे नंतर पाहिलं, आधी त्याच्या नोंदी मागितल्या. चार वर्षांची एक्सेल शीट. प्रत्येक खाणं, प्रत्येक कात, प्रत्येक रविवारचं वजन. त्या वाचत होत्या आणि मला कळलं, आपल्या हातून एवढं एक बरोबर झालं. माझ्याशिवायही गुंडू कोणाला तरी समजेल, इतकं मी लिहून ठेवलं होतं.

त्या पेटी गाडीत ठेवत असताना मी त्याला शेवटचा हातात घेतला. त्याने जीभ दोनदा बाहेर काढली, माझ्या मनगटावरून सरकत बाईंच्या हातावर गेला आणि तिथेच विसावला. मागे वळून वगैरे पाहिलं नाही. साप तसं करत नाहीत.

तर भाचेबुवा, आता तुझा प्रश्न.

आधी कायदा. नाग, धामण, आपला अजगर, असे आपल्याकडचे साप घरात पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. 'सर्पमित्र' म्हणून पकडलेला सापही घरी ठेवायचा नसतो. बॉल पायथन परदेशी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतले परदेशी प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत परिवेश पोर्टलवर नोंदवावा लागतो. पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवावं लागतं. तुझ्या त्या मोबाइलवरच्या माणसाला मी तुझ्यासमोरच तीन प्रश्न विचारले होते. पिल्लू कुठे जन्मलं? आईबाप कोणाच्या नावावर नोंदलेत? मला ते हस्तांतरण पोर्टलवर दाखवाल का? तो म्हणाला, "भाई, टेन्शन मत लो, पेपर बन जाएगा." 'बन जाएगा' म्हणजे नाहीये. चोरट्या वाटेने आलेला प्राणी घेऊन आपण तो वाचवत नाही. त्याच्या जागी पुढचा मागवतो.

पण समजा, उद्या सगळी कागदपत्रं असलेला, रीतसर नोंदलेला साप मिळाला. तरीही मी लगेच हो म्हणालो नसतो. म्हणून मी त्याला तेच सांगितलं जे मला त्या संस्थेने सांगितलं होतं. "आधी पेटी लाव. रिकामी. एप्रिल, मे, जून, तीन महिने. सकाळ, दुपार, रात्र तापमान आणि दमटपणा लिही. एकही दिवस चुकवायचा नाही. मग बोलू."

ताईने माझ्याकडे रागाने पाहिलं. नंतर म्हणाली, रिकामी पेटी तेवढी चालेल.

भाच्याने भावोजींच्या जुन्या शोकेसची पेटी बनवली, त्याच्या खोलीत ठेवली, दोन थर्मामीटर लावले. पहिल्या महिन्यात चौदा नोंदी चुकल्या. मी काही बोललो नाही. मे महिन्यात त्याने खोलीला जाड पडदे लावले, दुपारी एसी लावायला लागला. मे महिन्याच्या अखेरीस सगळे चार दिवस महाबळेश्वरला गेले. निघताना ताईने सवयीने मेन स्विच बंद केला. बडोद्यात तेव्हा पारा ४३ च्या पुढे होता.

परत आल्यावर रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. थर्मामीटरमध्ये सर्वांत जास्त तापमान साठवून ठेवायची सोय होती. "मामा," तो म्हणाला, आणि जरा वेळ बोललाच नाही. "४१.६. पेटीत. थंड बाजूला."

बॉल पायथनसाठी ३५ च्या वर धोका सुरू होतो. त्याला ते पाठ होतं. टेक्सासमध्ये माझा साप थंडीने गेला असता, इथे त्याचा उन्हाने गेला असता. फरक एवढाच की त्याची पेटी रिकामी होती.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला. "तिला वाटेल तिच्यामुळे झालं. मीच तिला सांगायला हवं होतं, स्विच बंद करू नकोस म्हणून. पण आत काही नव्हतं ना, तर मी पण विसरलो."

मी त्याला समजावलं नाही. तो आधीच समजला होता. दोन वर्षांत तो बारावीनंतर कुठेतरी बाहेरगावी शिकायला जाणार, हॉस्टेलमध्ये साप चालत नाही, आणि ताई उंदीर गरम करणार नाही, हेही त्याने स्वतःच मोजलं. "नोकरी लागून एका जागी स्थिर झालो की बघू," म्हणाला. मी म्हटलं, तेव्हाही तुला तो घ्यावासा वाटला तर पेटी लावायला मी येईन. पेटी त्याने मोडली नाही. त्यात सध्या त्याची पुस्तकं आहेत. थर्मामीटर अजून लावलेले आहेत.

गुंडूच्या बाई दर काही महिन्यांनी फोटो पाठवतात. परवा आला तो त्याने एका तुकड्यात टाकलेल्या अख्ख्या कातीचा होता. कात एकसंध निघाली म्हणजे दमटपणा बरोबर आहे. मी आईला दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं, "थंडीचा आहे ना तिकडे? खातोय का नीट?"

'जनावर' म्हणाली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

"डिसेंबरपासून बंद आहे," मी म्हटलं. "पण वजन ठीक आहे."